आधीचे दहा दिवस

वडील गेले त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही नाशिकच्या रामकुंडावर बसलो होतो. भावाचं मुंडन झालं होतं. गुरुजी प्रत्येक गोष्ट आधी सांगत होते. दर्भ असा धरा, पाणी अंगठ्याच्या बाजूने सोडा, पिंड ठेवला की चार पावलं मागे या, कावळ्याला जागा द्या. कावळा लवकर शिवला नाही तर काय बोलायचं, शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा कसा करायचा, हेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं. त्या सकाळी घाटावर आमच्यासारखी दहा-बारा कुटुंबं होती. कुणी धुळ्याहून आलं होतं, कुणी कल्याणहून. दुःख सगळ्यांनाच होतं, पण आता पुढे काय होणार ही धास्ती कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हती. सांगणारा माणूस शेजारी बसलेला होता ना.

मला तिथे रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वडील जाण्याआधीच्या दहा दिवसांत असं कुणी आमच्याशेजारी बसलं नव्हतं. ते खायचे थांबले तेव्हा कुणी सांगितलं नाही की आता असंच होणार. त्यांच्या घशातून आवाज यायला लागला तेव्हा तो कसला आवाज आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. आम्ही घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसांनी जे केलं ते मी पुढे सांगणार आहे.

नाशिकला मरणानंतरचं सगळं ठाऊक आहे. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं अशी श्रद्धा आहे. अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात, म्हणून लांबलांबचे लोक कलश घेऊन येतात. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबा-खापरपणजोबांची नावं सापडतात. ज्याचं मरण नीट झालं नाही त्याच्यासाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी आहे. रामकुंड बांधलं गेलं १६९६ मध्ये, म्हणजे सव्वातीनशे वर्षं हा घाट लोकांची दुःखं सांभाळतो आहे. इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात; 'उद्या गंगेवर जायचंय' असं कुणी खालच्या आवाजात म्हणालं की नाशिककर पुढचं विचारत नाही. या व्यवस्थेची मला कदर आहे. वडिलांच्या वेळी तिनेच आम्हाला सावरलं. पण गेल्यानंतरचे तेरा दिवस ज्या गावाला पाठ आहेत, त्या गावात जाण्याआधीच्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मरण जवळ आलं की शरीरात जे बदल होतात ते घरच्या माणसांना वेळेआधी, आपल्या भाषेत, स्पष्ट सांगितले गेले पाहिजेत. हे सांगणं उपचाराचाच भाग आहे. ते होत नाही म्हणून आपण जाणाऱ्या माणसाला नाहक छळतो, आणि मागे राहिलेल्यांना जन्मभराची टोचणी लावून देतो.

ही माहिती आपल्याला कधीच नव्हती असं मात्र नाही. मराठीच साक्षीला आहे. ऊर्ध्व लागला, घरघर लागली, आचके दिले, नाकाशी सूत धरलं, वाचा बसली, नाडी सुटली, हातपाय गार पडले, डोळे पांढरे केले, मान टाकली. यातला एकेक शब्द कुणीतरी अंथरुणाशी रात्रभर बसून, डोळ्यांनी बघून घडवलेला आहे. ऊर्ध्व म्हणजे वरच्यावर चाललेला श्वास. सूत नाकाशी धरायचं ते श्वासाने हलतं का हे पाहायला. आज 'अखेरची घरघर' आपण बंद पडत चाललेल्या साखर कारखान्याला लावतो, डबघाईच्या पतपेढीला लावतो. ज्या आवाजावरून तो शब्द आला, तो आवाज ऐकलेली माणसं आता घराघरांत उरलेली नाहीत. मरण घरातून आयसीयूत गेलं आणि शब्द वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेले.

वडिलांना पोटाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पसरलेला. आता औषधाचा उपयोग नाही हे कळून दोन महिने झाले होते. ते शेवटच्या आठवड्यात जेवेनात. मी वरणाचं पाणी, नाचणीची पेज, डाळिंबाचा रस असं काहीबाही चमच्याने त्यांच्या तोंडात घालत होते. ते ओठ मिटून घ्यायचे. मी रागवायचे, 'बाबा, असं केलंत तर ताकद कशी येणार?' एकदा त्यांनी माझा हात धरला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. तरी मी चमचा पुढे केलाच. त्यांना ठसका लागला. मग एका रात्री घशातली घुरघुर सुरू झाली. भावाने अॅम्ब्युलन्स बोलावली. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, 'व्हेंटिलेटर लावायचा का?' आणि आम्ही हो म्हणालो, कारण नाही म्हणणं म्हणजे वडिलांना मारणं असं आम्हाला वाटलं. तीन दिवस ते तिथे होते. नळी ओढून काढू नये म्हणून हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं भेट. विचारलं की उत्तर यायचं, 'प्रयत्न चालू आहेत.' ते गेले तेव्हा आम्ही चौघं खालच्या मजल्यावर चादर अंथरून झोपलो होतो. त्या डॉक्टरांनी वाईट केलं असं मी म्हणत नाही. ते शिकले तसं वागले. आम्ही मात्र काहीच शिकलेलो नव्हतो.

सात वर्षांनी आत्याची वेळ आली. वय चौऱ्याऐंशी, हृदय थकलेलं, मूत्रपिंडं जवळजवळ बंद. डायलिसिस नको हे तिनेच सांगितलं होतं. पंचवटीतल्या जुन्या घरात, खिडकीशी तिचा पलंग. या वेळी आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले, स्टूल ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. घाटावरचे गुरुजी बोलत होते तसेच, पुढचं आधी. 'आत्या जास्त जास्त झोपतील. जेवण सुटेल, मग पाणीही. मागतील तेवढंच द्या. हातपाय गार पडतील आणि तरी त्या पांघरूण फेकतील. लघवी कमी होईल, गडद होईल. श्वास मध्येच थांबेल आणि परत सुरू होईल. घशात आवाज येईल, तो तुम्हाला ऐकवणार नाही, पण त्यांना त्याचा त्रास नसेल. यातलं काहीही झालं तर अॅम्ब्युलन्स नका बोलावू, मला फोन करा. दुखत असेल, धाप लागत असेल, तर त्यावर औषध आहे, ते मी देईन.' त्यांनी आणखी काही केलं नाही. तेवढ्याने घराचा जीव शांत झाला.

त्यानंतरचे अकरा दिवस मी डोळे उघडे ठेवून पाहिले, आणि मागाहून त्यामागची कारणं वाचत गेले. ती कळल्यावर भीती कितीतरी उतरली.

आधी भूक गेली. आपण समजतो की खात नाही म्हणून माणूस खंगतो. शेवटच्या टप्प्यात ते उलट असतं. शरीर आवरायला लागलेलं असतं, म्हणून अन्न सुटतं. आतड्यांची हालचाल मंदावते, पेशी अन्न वापरू शकत नाहीत, आणि साठलेली चरबी जळून जे घटक रक्तात येतात त्यांनी भूक आणखी मरते. बळेच भरवलेला घास पोटात पडून राहतो, नाहीतर श्वासनलिकेत जातो. पाण्याचंही तेच. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी बरा न होणारा कॅन्सर असलेल्या १२९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. निम्म्यांना रोज एक लिटर सलाईन, निम्म्यांना फक्त १०० मिलिलिटर. त्रास कमी होण्यात किंवा दिवस वाढण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. आपल्याकडे 'निदान सलाईन तरी लावा' हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारलं जातं. जिथे हृदय आणि मूत्रपिंड ते पाणी पुढे ढकलू शकत नाहीत, तिथे ते फुप्फुसात आणि पायांत साठतं. आत्याला हवं होतं ते ओठ ओले राहणं. ओल्या कापसाने ओठ पुसायचे, जिभेवर थेंबभर पाणी सोडायचं, थोडं तूप लावायचं. तोंडात गंगाजल घालण्याची जी रीत आहे, ती याच कोरड्या तोंडाशी बसलेल्या कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असावी असं मला वाटतं.

इथे महाराष्ट्रातली तीन मरणं आठवतात. नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं आणि २६ तारखेला देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न आणि औषधं नाकारली. १५ तारखेला ते गेले. आणि त्याआधी, १९५५ मध्ये, कुंथलगिरीवर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना (मरेपर्यंत अन्नत्याग) घेतली, ती छत्तीस दिवस चालली. तिघांच्या वाटा आणि विचार एकमेकांपासून फार दूर. त्यांच्या निर्णयांबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण समाज म्हणून आपण ही मरणं आदराने पाहिली, त्यांना उपासमार म्हटलं नाही. मग तेच जेव्हा एखाद्या साध्या घरात एखादी आजी ओठ मिटून सांगते, तेव्हा आपण तिच्या नाकात नळी का घालतो?

सहाव्या-सातव्या दिवशी आत्या वातात बोलायला लागली. अंथरूण चाचपायची, हवेतून काहीतरी वेचायची. तिच्या गेलेल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, हाक मारायची. रक्तात साठलेली द्रव्यं, कमी पडणारा प्राणवायू, मूत्रपिंडांचं थांबलेलं काम, यांमुळे मेंदू असा भरकटतो. पण जगभरच्या हॉस्पिसमध्ये काम करणारे डॉक्टर सांगतात की गेलेली माणसं दिसणं हा निराळा अनुभव आहे, तो अनेक मरणासन्न रुग्णांना येतो आणि त्यांना त्याने बहुधा भीती न वाटता धीरच येतो. शेजारच्या माईंनी एवढंच विचारलं, 'न्यायला आलेत का गं?' आत्या हसली. मी तिला 'बाबा नाहीत आता' असं सांगणार होते, ते गिळलं.

मग आला तो दिवस, ज्याने आम्ही सगळेच फसलो असतो. ती सकाळी उठली ती स्वच्छ जागी. आलं घातलेला चहा मागितला, दोन चमचे प्यायली, भाच्यांची नावं न चुकता घेतली, कपाटातली नऊवारी कुणाला द्यायची ते सांगितलं. धाकटा भाऊ म्हणाला, 'बघ, सुधारतेय, हॉस्पिटलला नेऊया.' माई दारातूनच म्हणाल्या, 'दिवा मोठा झालाय बाळा, बसून घे तिच्याजवळ.' विझण्याआधी ज्योत मोठी होते हे आपल्याकडे पूर्वापार माहीत होतं. त्याला नाव देऊन त्याचा अभ्यास करणं जर्मन संशोधक मायकेल नाम यांनी २००९ मध्ये सुरू केलं. असं का होतं याचा उलगडा विज्ञानाला अजून झालेला नाही. पण ते होतं, आणि ते ओळखता न आल्यामुळे किती घरं तो एकुलता एक बोलका दिवस अॅम्ब्युलन्समध्ये घालवतात.

शेवटचे दोन दिवस श्वासाचे होते. आठ-दहा श्वास चढत जायचे, मग उतरत जायचे, मग काहीच नाही. मी मोजायचे, वीस सेकंद, कधी तीस. सगळे एकमेकांकडे बघायचे आणि तिची छाती परत वर यायची. डब्लिनचे जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये हा श्वास लिहून ठेवला, म्हणून त्याला त्यांची नावं आहेत. कारण समजायला सोपं आहे. गीझर न्हाणीपासून लांब असला की नळ फिरवल्यावर पाणी उशिरा बदलतं; गार म्हणून गरम सोडावं तर एकदम चटका, मग गार करावं तर बर्फ. हृदय थकलं की रक्ताची खबर मेंदूपर्यंत अशीच उशिरा पोहोचते, म्हणून श्वास एकदा गरजेपेक्षा जास्त होतो आणि एकदा थांबतो.

आणि ती घरघर. आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो. गिळण्याची ती शक्ती गेली की लाळ घशात साचते आणि श्वास तिच्यातून बुडबुडत जातो. उशी जरा उंच करून आत्याला कुशीवर वळवलं, तसा आवाज निम्मा झाला. औषधही मिळतं. घशात खोल नळी घालून ओढून काढण्याने फायदा थोडा आणि यातना फार. हा तोच आवाज होता, ज्याला घाबरून आम्ही वडिलांना रात्री दीड वाजता जिन्यावरून खाली उतरवलं होतं. 'कुशीवर वळवा' हे दोन शब्द तेव्हा कुणी सांगितले असते तर ते आपल्या अंथरुणावर गेले असते.

माई दर तासाला येऊन पांघरुणाखाली हात घालायच्या. आधी तळवे, मग घोटे, मग पोटऱ्या. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली तेव्हा त्यांनी ती मला दाखवली. रक्त हातापायांतून आवरून हृदय-मेंदूकडे जातं, मागे जे साचून राहतं त्याची ती नक्षी. 'गार पोटऱ्यांवर आलंय. पुण्याला फोन करा, पोरांना निघू दे.' मनगटाची नाडी लागेना. श्वासाबरोबर फक्त हनुवटी हलायला लागली. माई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्यूस्टन आणि ब्राझीलच्या कॅन्सर रुग्णालयांतले ३५७ रुग्ण दिवसातून दोनदा तपासून पुढच्या तीन दिवसांतल्या मरणाची खात्रीची लक्षणं शोधली गेली. मनगटाची नाडी न लागणं, हनुवटीने श्वास घेणं, लघवी अगदी कमी होणं, थांबून थांबून श्वास, घरघर. माईंची यादी हीच होती. त्या अभ्यासातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: ही लक्षणं दिसली तर मरण जवळ असतं हे जवळपास नक्की, पण न दिसताही माणूस जाऊ शकतो.

आपल्याकडे हे शास्त्रही जुनं आहे. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा बारा अध्यायांचा पूर्ण भाग केवळ अरिष्ट लक्षणांवर, म्हणजे मरणसूचक चिन्हांवर आहे. फुलावरून जसं येणारं फळ कळतं तसं अरिष्टावरून मरण कळतं, असा दाखला तिथे दिलेला आहे. त्यातली स्वप्नांची आणि शकुनांची प्रकरणं आज कुणी जशीच्या तशी घेणार नाही. पण वैद्याला हे ओळखता आलंच पाहिजे, हा आग्रह मला आजच्या शिक्षणापेक्षा शहाणा वाटतो.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही मी गंभीरपणे घेते.

पहिला असा, की लक्षणं पाहून लोक लढायचं सोडतील. याला नाशिक जिल्ह्यातूनच उत्तर देता येतं. इगतपुरी, त्र्यंबकच्या भातशेतीच्या भागात मण्यार चावते. पापण्या पडतात, हातपाय लुळे होतात, श्वास बंद पडतो, बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला माणूस गेलेला वाटतो. पण वेळेवर व्हेंटिलेटर आणि सर्पविषावरचं औषध मिळालं तर तोच माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि त्या दिवशी २२ जणांचा जीव गेला. त्यांचाही श्वास तुटत गेला असेल, ओठ निळे पडले असतील, पण ते मरण पिकलेलं नव्हतं, ते लादलेलं होतं. लक्षण एकच, अर्थ दोन. ते कोणत्या देहावर दिसतं आहे, त्यामागचा आजार बरा होणारा आहे की नाही, हे आधी ठरलेलं हवं. म्हणून तर ही माहिती अर्धवट न देता पूर्ण आणि डॉक्टरांच्या तोंडून यायला हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. म्हाताऱ्यांवर खर्च नको म्हणून 'आता वेळ आलीच आहे' असं म्हणणारी घरं आहेत. आहेतच. पण ती घरं आजही तसंच वागतात, फक्त कुणाला न सांगता. उलट डॉक्टर समोर बसून वेदना, धाप, तोंडाची कोरड, कूस बदलणं यांची कामं नेमून देतात तेव्हा दुर्लक्ष लपवायला जागा राहत नाही. घरी मरू देणं म्हणजे काही न करणं असा समज आहे. आत्याच्या अकरा दिवसांत आम्ही चौघं आळीपाळीने जागलो. वडिलांच्या तीन दिवसांत आम्ही फक्त पैसे भरत होतो.

तिसरा आक्षेप सुरगाणा-पेठकडे पाहून येतो. तिथे लोक घरीच मरतात, कारण दवाखाना लांब आहे. त्यांना 'घरचं मरण चांगलं' हे शहरातल्या बाईने सांगू नये. मान्य. म्हणूनच नुसती माहिती पुरत नाही, मॉर्फिनही पोहोचलं पाहिजे. कॅन्सरच्या कळा आणि शेवटची धाप यांवर त्याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध दुसरं नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतकं अवघड करून ठेवलं होतं की डॉक्टर लिहायलाच घाबरत. २०१४ मध्ये कायदा सुधारला. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि राज्यातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत नाशिकही होता. वेदनेवरचं औषध पाड्यावरच्या म्हातारीला मिळेपर्यंत ते काम झालं असं म्हणता येणार नाही.

कायदाही आता रुग्णाच्या बाजूने आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात बेचाळीस वर्षं पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्याने जो प्रश्न देशापुढे आणला होता, त्याचं हे पुढचं पाऊल. २४ जानेवारी २०२३ ला, नको असलेले उपचार आधीच लिहून नाकारण्याची प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेलं इच्छापत्र पुरतं. पण ज्याला शेवटी काय होतं हेच माहीत नाही तो त्या कागदावर काय लिहिणार? 'व्हेंटिलेटर नको' हे लिहायला, श्वास थांबून थांबून चालतो तेव्हा तो गुदमरत असेलच असं नाही, हे आधी कळलेलं असावं लागतं.

आत्याला शेवटच्या रात्री काही कळत नव्हतं, असं दिसत होतं. तरी आम्ही बोलत राहिलो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांतल्या काहींचा मेंदू मरणाच्या काही तास आधीही आवाजांना निरोगी माणसासारखा प्रतिसाद देत होता. ऐकलेलं समजत होतं का, हे त्यावरून ठरत नाही. आम्हाला तेवढं पुरलं. पुतण्याने उशाशी बसून हरिपाठ म्हटला. पहाटे चारच्या सुमाराला श्वास थांबला, मी तीस मोजले, साठ मोजले. माईंनी डोळे मिटवले, हनुवटीला फडकं बांधलं, पायाचे अंगठे एकत्र बांधले. दोन-तीन तासांत स्नायू कडक व्हायला लागतात आणि ते पापण्या-जबड्यापासून सुरू होतं, म्हणून ही घाई. आम्ही रडलो. पण काहीतरी चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. वडिलांच्या बाबतीत ते मला आजही वाटतं.

१९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे. राज्यातले बहुतेक नवे डॉक्टर, परिचारिका, वैद्य त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्या प्रत्येकाला अर्धा तास स्टूलवर बसून हे मराठीत सांगता आलं पाहिजे, आणि ते येतं का याची परीक्षा घेतली पाहिजे. आशाताईंच्या प्रशिक्षणात बाळंतपणाच्या शेजारी हा विषय बसला पाहिजे. बाळ येताना कळा किती वेळाने येतील, पाणी कधी जाईल, हे गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला आधी सांगतात, तसंच.

तोवर, तुमच्या घरी बरा न होणारा आजार घेऊन कुणी अंथरुणाला असेल तर वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा आणि विचारा: पुढचे दिवस कसे जातील? काय काय दिसेल? त्यातल्या कशाला फोन करायचा आणि कशाला नुसतं जवळ बसायचं? हे अपघात विभागाच्या दारात, रात्री दीड वाजता विचारता येत नाही. आज विचारा.